कार्डाचा कोपरा

थोडा वेळ असं समजा, की साल एकोणीसशे सत्तावन्न आहे. तुम्ही कळंबजवळच्या एका खेड्यात चौथीत शिकता, दिवाळीची सुटी लागली आहे आणि बबनराव गुरुजींनी अभ्यास दिला आहे तो असा : "सुटीत काय काय घडलं, कोण जन्मलं, कोण वारलं, ते लिहून आणा. गावातलं आणा, जगातलं आणा. तीन रकाने आखा. पुराव्याशिवाय एकही नोंद चालणार नाही." तुम्ही काय कराल? बरेच जण शेवटच्या दिवशी दुसऱ्याची वही मागायला जाल. नलू तसली नव्हती.

नलूने पहिल्याच दिवशी रकाने आखले. 'घटना' भराभर भरू लागल्या, कारण दुकानातून मीठ-मिरची जुन्या वर्तमानपत्रात बांधून येई. पुडी सोडली, की आई मीठ घेई आणि नलू कागद. 'मृत्यू'मध्ये शेजारच्या कोकिळाकाकूंची म्हातारी म्हैस होती. पुरावा म्हणून तिच्या गळ्यातल्या दाव्याचा बोटभर तुकडा. 'जन्म' मात्र कोरा. सुटीभर गावात कोणी जन्मायलाच तयार नव्हतं.

शाळा उघडायला चार दिवस उरले असताना पोस्टमन धावजी कार्ड देऊन गेला. आई, सत्यभामा, कापूस वेचायला गेली होती. कार्ड उमरखेडचं, नलूची थोरली बहीण जया हिच्या सासरचं. जयाचं हे दुसरं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. पहिल्या वेळी ती मरता मरता वाचली होती, म्हणून आई महिनाभर अर्धपोटी जेवत होती. नलूने कार्ड वाचलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

नलू एकटीच घरभर नाचली. मग तिला पुरावा आठवला. कार्डाच्या कोपऱ्यात पोस्टाचा शिक्का होता, तारखेसकट. याहून पक्का पुरावा कोणता? कात्री सापडेना, तेव्हा तिने आईच्या अडकित्त्याने तो कोपरा कापला आणि बाभळीच्या डिंकाने 'जन्म'मध्ये चिकटवला. उरलेलं कार्ड आईला दिसेल असं कोनाड्यात ठेवलं आणि वही घेऊन ती ग्रामपंचायतीच्या रेडिओकडे पळाली. रशियाने लायका नावाची कुत्री आभाळात पाठवली होती. तिची खबर चुकवून कसं चालेल?

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. त्या काळी कोणी वारलं, की कळवणारा कार्डाचा एक कोपरा फाडून ते टाकत असे. असं कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचलं की नष्ट करायचं. मोठी माणसं ते मुलांच्या नजरेसही पडू देत नसत. त्यामुळे नलूला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं.

सत्यभामा आणि कोकिळाकाकू शेतातून आल्या. काकूंची नजर कोनाड्याकडे गेली.

"सत्यभामाबाई, बसा जरा खाली."

"काहून वं?"

"कार्ड आलं. कोपरा नाही त्याले."

सत्यभामा मटकन बसली. कोकिळाकाकू अडल्यावेळी धावून जाणाऱ्या. त्यांनी अशुभ कार्ड ताबडतोब चुलीत घातलं. ते पुरतं जळल्यावर दोघींच्या लक्षात आलं, की गेलं कोण ते वाचून घ्यायचं राहिलं.

नलूच्या वडिलांनी, पुंडलिकरावांनी, धावजीला गाठून घरी आणलं. धावजी लोकांची पत्रं वाचत नसे; फक्त त्यातला मजकूर त्याला पाठ असे.

"जयाबाईले पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत," तो म्हणाला.

"मंग कोपरा काहून नाही?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"म्या देलं तवा होता."

"आमाले धीर देऊन राह्यले तुमी, धावजी. खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यलो न, बाप्पा." पण अंगणात जमलेली एवढी माणसं आपल्याकडे कीव येऊन पाहताहेत म्हटल्यावर धावजीचंच मन डळमळलं. "आता असा शपथेवर विचारसान तं... म्या कोपरा पाह्यलाच नाही वाटते."

कोकिळाकाकूंनी कोडं सोडवलं. "लिवलं तवा दोघी बऱ्या होत्या. पेटीत टाकाच्या आंधी जयाचं बरंवाईट झालं. त्यायनं त्याच कार्डाचा कोपरा फाडला. दुसरं कार्ड कायले खराब करा?"

या तर्कात कोणालाच खोट सापडेना. पुंडलिकराव खांद्यावर उपरणं टाकून उमरखेडची मोटार गाठायला धावले.

एवढ्यात नलू आली, तीही रडतच. "आई, ते परत येनार नाही म्हनते. रेडिओवर सांगतलं."

"रेडिओवर आलं माह्या जयाचं?" सत्यभामेने हंबरडा फोडला.

"जयाताईचं कुठचं? लायकाचं. रशियाची कुत्री." नलूने भोवती पाहिलं. "जयाताईले काय झालं?"

"गेली तुही ताई. कार्डाचा कोपरा फाटेल होता, माय," कोकिळाकाकू म्हणाल्या.

नलूचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिने अडकित्त्याकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं. मार तर ठरलेला होता. तिने वही उघडून आईपुढे धरली. "कोपरा हा काय. म्या कापला. ताई बरी हाये."

कोकिळाकाकू अंगणातून उठून चुलीतली राख सारखी करायला आत गेल्या. सत्यभामेला अक्षर येत नव्हतं. तिने त्या गोल शिक्क्यावरून दोनदा बोट फिरवलं, नलूच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच हाताने तिला पोटाशी धरलं.

मोटार मात्र वडिलांना घेऊन सुटली होती. दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव रडत जयाच्या अंगणात शिरले. त्यांना तसं पाहून तिच्या सासूला वाटलं, सत्यभामाबाई गेल्या. तिने गळा काढला. तो ऐकून जया खाटेवरच रडू लागली. कोणीच मेलेलं नाही, हे कळायला तासभर लागला. तेवढा वेळ घरात एकटी नवी मुलगीच शांत झोपली होती.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पुंडलिकराव परत आले. नलू वही पुरी करत होती. एकच नाव उरलं होतं, लायकाचं. कोकिळाकाकू शेजारी बसल्या होत्या.

"लिही न मृत्यूमंदी. परत येनार नाही म्हनते न ते."

"पुरावा?" नलूने विचारलं.

नलूने पेन्सिलीला टोक केलं, 'मृत्यू'चा रकाना डाव्या हाताने झाकून धरला आणि लायकाचं नाव 'घटना'मध्ये लिहिलं.