पऱ्हाटीच्या रंगाची विमानं

उंद्रीत कापसाचा शेवटचा वेचा झाला, की माझे शेजारी बाळाभाऊ आपल्या लढाऊ विमानांना नवा रंग द्यायला काढत. पावसाळ्यात त्यांची विमानं हिरवी असत, दिवाळीनंतर त्या हिरव्यावर पांढरे ठिपके पडत आणि उन्हाळ्यात ती काळ्या ढेकळांच्या रंगाची होत. कारण विचारलं, तर माझ्या मास्तरकीची कीव आल्यासारखं पाहून म्हणत, "वरून दुश्मनानं पाह्यलं, त त्याले विमान नाही, वावर दिसलं पायजे. एवढं समजत नाही, पोरायले काय शिकवता?"

लढाई युरोपात चालली होती. पण तिकडेही कापसाची पऱ्हाटीच पेरत असणार, याबद्दल बाळाभाऊंच्या मनात शंका नव्हती.

पांगाऱ्याचं हलकं लाकूड, सुताराकडून मागून आणलेली आणि परत करायची राहिलेली पटाशी, सरस, आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो रंग, एवढ्यावर त्यांचा कारखाना चाले. चावडीवर येणाऱ्या वर्तमानपत्रातलं चित्र पाहून ते माप काढत. "खऱ्याचा हात, आपलं बोट," हे त्यांचं प्रमाण. त्यात अर्ध्या बोटाची चूक निघाली, तर घासूनपुसून तयार झालेला पंख चुलीत जाई. शेजारचा शेतकरी दरवर्षी बांध थोडाथोडा सरकवून ज्याचं वावर खात होता आणि ज्याला त्याचा पत्ता नव्हता, त्या माणसाचा हा काटेकोरपणा!

एकदा खरंच एक विमान गावावरून गेलं. सगळं गाव बाहेर धावलं. बाळाभाऊही आले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी नीट पाहिलं, "शेपूट आखूड हाये," म्हणाले आणि आत निघून गेले.

विमानं ओसरीत दोरीनं टांगलेली असत, तीही अशी, की येणाऱ्यानं वाकूनच यावं. तहसीलदारसाहेबांना वाकायची सवय नव्हती. युद्धनिधीच्या सभेसाठी ती विमानं न्यायला ते स्वतः आले आणि त्यांची टोपी पहिल्याच विमानाच्या पंख्यात अडकून लोंबू लागली. ती काढून देत बाळाभाऊ म्हणाले, "पंखा वाकला नाही, चिंता नका करू."

साहेबांनी एकेक विमान पाहिलं. "हे मात्र शत्रूचं दिसतंय. हे कशाला केलंत?"

"साहेब, एकट्यानं लढाई होते काय? समोर कोणी पायजे का नाही?"

साहेबांना रोज भाषणं करावी लागत, त्यामुळे ऐकण्याची सवय सुटली होती. त्यांनी हुकूम दिला: सरकारची विमानं टेबलावर मांडायची, त्यांना हार घालायचे, शत्रूचं विमान सर्वांसमक्ष जाळायचं.

"जाळू नाही देत," बाळाभाऊ म्हणाले.

साहेब गेल्यावर पाटलांनी त्यांना बाजूला घेतलं. "काऊन बाळाभाऊ, दुश्मनाचा कैवार घेऊन राह्यले? आत टाकतीन ना तुमाले!"

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "मास्तर, काही तोड सांगा न."

"अहो, लाकूडच तर आहे," मी म्हणालो. "पुन्हा करता येईल."

"हाव. लाकूडच हाये," ते म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

सभेच्या दिवशी चावडीसमोर जाजम पसरलं, खुर्च्या आल्या. पऱ्हाट्यांच्या ढिगावर ते विमान ठेवलं होतं. साहेबांचं भाषण इतकं लांबलं, की पहिल्या रांगेतले पाटील दोनदा जागे झाले. शेवटी टाळ्या झाल्या आणि कोतवालानं काडी ओढली.

"थांब बे!"

बाळाभाऊ गर्दीतून पुढे आले. पाटलांनी कपाळाला हात लावला. बाळाभाऊ ढिगाजवळ उकिडवे बसले. विमानाच्या पाठीवर काचेच्या जागी काळा रंग दिलेला उंचवटा होता. आम्ही तो नुसता कोरलेला समजत होतो. त्यांनी पटाशीचं टोक घालून तो झाकणासारखा उचकटला आणि दोन बोटांनी आतून एक लाकडी माणूस काढला. टोपीवाला, बसलेला, मांडीवर हात ठेवलेला. त्याला फुंकर मारून सदऱ्याच्या खिशात घातला.

"मानूस होता आत," ते म्हणाले. "आता लावा."

लोक पोट धरून हसले. साहेबांना हसावं की रागवावं ते कळेना, म्हणून त्यांनी घड्याळ पाहिलं. पांगारा तो, भडकन पेटला.

घरी परतताना बाळाभाऊ खिशावर तळहात धरून चालत होते. उन्हात कोंबडीचं पिल्लू नेताना धरतात तसा.

"सगळ्याच विमानांत माणसं बसवलीत?" मी विचारलं.

"मंग? रिकामं कसं उडन?"

"पण वरून रंग देऊन टाकता. कोणाला दिसत तर नाहीत ती."

"त्यायले त दिसते न बाहेरचं."

त्यांचं घर आलं. त्यांनी दाराचं कुलूप काढलं. ओसरीत मोकळ्या दोऱ्या हलत होत्या. मी माझ्या दाराकडे वळलो, तेवढ्यात त्यांचा आवाज ऐकू आला. पाहुण्याशी बोलतात तसा, जरा भिडस्त.

"ये बाप्पा. बस. लाजू नको, घरात मी एकटाच राह्यतो."