मुगावर खार खाणारे दौलतराव

सकाळी दौलतरावांच्या फाटकासमोरून जायचं म्हणजे एक डोळा झाकावाच लागतो. अमरावतीच्या आमच्या गल्लीत यातून कुणाची सुटका नाही. दूधवाला असो, वकीलसाहेब असोत, की शाळेत विज्ञान शिकवणारा मी. दौलतराव हातात गुलाब धरून उभे. "सर, उजवा झाका. लाल दिसते? आता डावा. तेवढाच लाल? हव ना? जा मंग!"

बडनेऱ्याच्या वाटेवर त्यांची फुलशेती आहे. बाजारात माल टाकून ते परततात तेव्हा गल्ली अजून अर्धी धुक्यात असते आणि त्यांच्या अंगाला शेवंतीचा वास येत असतो. एक डोळा मिटून गुलाबाकडे बघत उभं राहिलं की आपण अंथरुणातून उठलोच नाही असं वाटतं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

हे वेड लागलं त्यांच्या बायकोच्या, अनसूयाकाकूंच्या, आजारापासून. काकूंच्या उजव्या डोळ्यापुढे एकदम "दूध सांडल्यावानी" झालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं आणि समजावलं, की रक्तातले पहारेकरीच चुकून डोळ्याच्या नसेच्या आवरणावर तुटून पडलेत, त्यातल्या मॉग नावाच्या प्रथिनावर. दौलतरावांनी गल्लीत येऊन जाहीर केलं, "कुंपणानंच शेत खाल्लं, सर! अन् सारी करनी त्या मुंगाची हाय!"

डाळीत प्रथिनं असतात हे त्यांना मीच कधीतरी सांगितलं होतं, त्याची ही फळं. त्या दिवसापासून घरातून मूग हद्दपार. वकीलसाहेबांच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी भज्यांची कढई उतरवायला लावली. आचाऱ्याला म्हणाले, "मूंग काहून टाकला? कोनाचे डोये घ्याचे हायेत?" मी त्यांना चित्र काढून दाखवलं, मॉगचा आणि मुगाचा काडीचा संबंध नाही म्हणून. त्यांनी चित्र नीट घडी करून खिशात ठेवलं. "तुमचं बराबर असन. पन आपून रिस्क काहून घ्याची?"

औषधांनी काकूंना पुन्हा दिसू लागलं. पण दुखणं उलटू शकतं, लाल रंग फिका वाटला तर लगेच या, उशीर झाला तर नजर कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून रोजचा गुलाब. मग साऱ्या गल्लीची तपासणी कशाला? "तिले एकटीलेच इचारलं तं तिले आपून बिमार हावो असं वाटते. साऱ्याइले इचारलं का तिचाबी नंबर आपसूक लागते."

परवा सकाळी शाळेत निघालो तर काकूंनी ओट्यावरून हाक मारली. हातात अर्धा हार, शेवंती चाचपून ओवणं चाललेलं. हळूच म्हणाल्या, "सर, चार दिवस झाले, लाल मातकट दिसून राहिला. तरी लालच सांगून राहिली मी. मांगच्या वक्ताले दवाखान्यात त्याईच्या पोटात अन्नाचा कन गेला नाही. त्याईले सांगू नका, बाप्पा."

मी मूग गिळून गप्प बसलो. शाळेत मुलं काय विचारत होती, मला काही कळत नव्हतं. नजर कायमची जाईल, एवढंच डोक्यात घुमत होतं. मला राहवेना. मधल्या सुट्टीत शाळा सोडून थेट त्यांच्या घरी गेलो. दौलतराव पिशवीत रिपोर्ट आणि काकूंची शाल भरत होते.

मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मालूम हाय, सर. आज म्या तिच्यासमोर फिका गुलाबी गुलाब धरला होता. म्हने, लाल हाय."

"मग?"

"मंग काय, बराबर म्हनलं. आता अकोल्याची गाडी धरतो. तिले सांगतलं, माह्याच डोयाले दाखवाचं हाय, मले लाल दिसत नाही. तवा लगेच तयार झाली."

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. त्यांनी दौलतरावांचा दंड घट्ट धरला. "हळू चाला," त्या म्हणाल्या, "समोर पायरी हाय."

दौलतराव पायानं पायरी चाचपत खाली उतरले.