आठवा रकाना

मी जिल्हा शिक्षण कार्यालयातला कारकून. गावोगावच्या शाळांत कोणत्या समाजाची किती मुलं शिकतात, तो तक्ता यंदा मी जरा जास्तच मनावर घेतला. (हेडक्लार्कची जागा रिकामी होती.) सात समाजांचे सात रकाने, आठवा 'इतर'. नऊ हजार मुलं सात रकान्यांत मुकाट बसली. आठव्यात एकच नोंद : प्रवेश क्रमांक चारशे सतरा.

"हा एकटा कोण?" साहेबांनी विचारलं. "वरून विचारलं तर काय सांगू, आकाशातून पडला?"

शाळेला फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम. पण मला नोटिशीची हौस. 'पाल्याचा समाज नमूद करण्यात पालकांनी अक्षम्य निष्काळजीपणा केला आहे. उभयतांनी हजर राहून खुलासा करावा.'

"ही हेडक्लार्कची भाषा झाली," साहेब म्हणाले. मी तरंगतच घरी गेलो.

दोन दिवसांनी घरी आलो, तर बायको लेकीच्या दप्तरातला कागद वाचत होती.

"आले बघ निष्काळजी पालक," ती लेकीला म्हणाली.

खाली सही माझीच. मग आठवलं. आम्हा नवराबायकोचे समाज वेगळे. प्रवेशाच्या वेळी माझे वडील एका रकान्यासाठी अडून बसले, सासूबाई दुसऱ्यासाठी. मी शहाणपणा करून गुपचूप 'इतर'वर खूण केली.

"मला काय सांगितलं होतंस?"

"तुमच्याकडचंच लिहिलं म्हणून."

"आणि तुझ्या बाबांना?"

मी पाणी प्यायलो.

"नऊ हजारांत आपली पोर एकटीच बाजूला बसवलीस," ती म्हणाली. मलाही वाईट वाटलं, अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांपुढे उभे.

"तुम्ही कामावर आलात की खुलाशाला?"

"दोन्हीला, साहेब."

बायकोने माझ्याच खिशातलं पेन काढलं आणि लेकीला स्वतःच्या रकान्यात बसवलं. (बाबांना हे नोटिशीनेच कळवावं म्हणतो.)

तक्ता बिनचूक गेला. हेडक्लार्क शेजारच्या टेबलावरचा झाला.

लेकीला मात्र तक्त्यांचा नाद लागला. तिने आमच्या घराचा तक्ता करून भिंतीवर लावलाय. आईच्या रकान्यात दोन, 'इतर' एक. खाली बायकोची सही आहे, तपासून बरोबर आढळल्याची.