सीटखालचा अ‍ॅम्प्लिफायर

सावंतकाका मोटरसायकल चालवताना बायकोशी लाउडस्पीकरवर बोलतात. हेल्मेटमध्ये माइक, मागच्या सीटशेजारी दोन स्पीकर आणि आवाज वाढवायला त्यांचा लाडका अ‍ॅम्प्लिफायर. "नलू, उजवीकडे बघ, ताडगोळे!" हे नलूकाकूंच्या आधी अख्ख्या बोरिवलीला कळतं आणि सिग्नलवरचे रिक्षावाले उजवीकडे बघू लागतात.

सोसायटीत याला म्हातारचळ म्हणत. मी तर तोंडावर म्हणायचो, कारण आमची दारं समोरासमोर आहेत.

काकांचं एकच तत्त्व. "वस्तू वाईट नसता रे, जागा चुकता." या तत्त्वापायी त्यांचा फ्रिज स्वयंपाकघर सोडून घरभर राहून आलाय. अ‍ॅम्प्लिफायरही असाच फिरला. आधी तो गाडीच्या बाजूच्या पेटीत होता. मालवणहून येताना काकांनी त्याच पेटीत कोकमाचं आगळ ठेवलं. बाटलीचं बूच सुटलं आणि पनवेलपासून काकांचा आवाज गुळण्या केल्यासारखा येऊ लागला. मग दुरुस्त करून तो मागच्या सीटखाली बसवला. तिथे तो असा तापला, की गोराईच्या रस्त्यावर काकू खाली उतरल्या. "मी काय भाकरी आहे, खालून शेकायला? पुन्हा तुमच्या गाडीवर बसणार नाही!" आणि रिक्षा करून घरी आल्या.

दुसऱ्या रविवारी काका पार्किंगमध्ये सीट उघडून बसले होते. मी म्हटलं, "काका, काढूनच टाका ना तो. त्याच्यापायी वाट लागली सगळी."

त्यांनी पाना खाली ठेवला. "तिका हल्ली ऐकूक कमी येता. कानातला मशीन हेल्मेटमध्ये शिट्टी मारता. आधी मालवण येईपर्यंत बडबडायची. मग सारखा 'काय म्हणालात?' विचारूचो कंटाळो इलो तिका. गप्पच झाली. मागे माणूस बसलेला, तरी गाडी रिकामी. माका तशी चालवूक नाय जमत."

मला फार वाईट वाटलं. मी खाली बसून वायर धरली.

अ‍ॅम्प्लिफायर शेवटी काकांच्या स्वतःच्या सीटखाली गेला. काकूंची समजूत घालायला मला पाठवलं. त्या आल्या, मागची सीट हाताने चाचपली आणि बसल्या.

"नलू, डावीकडे बघ, गुलमोहर!" गल्ली दणाणली. "नलू?"

"बघितला! गुलमोहर कसला, पांगारा आहे तो! आपल्या परसात नव्हता का? तुमच्या आईने..."

वळणापर्यंत काकू बोलतच होत्या. काका सीटवरून अर्धे उठून गाडी चालवत होते. चांगलेच भाजत असणार. पण स्पीकरमधून चकार शब्द आला नाही. ते ऐकत होते.