लागू करण्याआधी म्हात्रेकाका

म्हात्रेकाकांना लग्नाची पत्रिका द्यायची म्हणजे परीक्षाच. आमच्या ऑफिसातल्या संतोषने दिली, तर त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "मुहूर्त सकाळचा आनि जेवन संध्याकाळचं? पावन्यांनी दिवसभर करायचं काय? छापायच्या आधी दाखवायची ना रं!"

चूक खरीच होती.

दापोड्याच्या एका गोदाम कंपनीत आम्ही चौघं फायरवॉल सांभाळायचो. फायरवॉल म्हणजे कंपनीच्या कम्प्युटरांचा दरवान. कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, याचे नियम आम्ही लिहायचो. पण लिहिलेला नियम 'लागू करा' म्हणेपर्यंत ज्याच्या त्याच्या नावाखाली कच्चा पडून राही, आणि ते बटण दाबायचा हक्क फक्त आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांना. सकाळी चहाच्याही आधी ते सगळ्यांचे कच्चे बदल उघडत, मोठ्याने वाचत आणि विचारत, "दार कोनासाठी उघडतोस?"

कोणी चुकून "सगळ्यांसाठी" म्हणालं, की खुर्ची मागे सरके. "सगळ्यांसाठी देवळाचं दार असतं. ह्ये गोदाम हाय."

खरं तर त्यांना नोकरीची गरज नव्हती. पूर्णा गावातल्या त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली होती, भाडं येत होतं. तरी सुट्टीच्या दिवशीही काका ऑफिसात हजर. आम्ही म्हणायचो, यांना संशयाचं व्यसन आहे.

एका सकाळी ते अन्वरचे बदल वाचता वाचता थांबले.  अन्वर माझ्या शेजारी बसायचा. त्याचं तोंड उतरलं.

काका उठून त्याच्या टेबलाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "ह्ये दार कोनासाठी?"

"काका, भाई दुबईला आहे. अम्मीला त्याला बघायचंय. सायबर कॅफेचा जिना तिला चढवत नाही. वाटलं, जेवणाच्या सुट्टीत तिला इथे आणावं. कॅमेऱ्यावर थोडं बोलेल, त्यासाठी दार."

"आनि तू लिहिलंस काय? बाहेरचा कोनीपन सरळ आत येल! मॅनेजरनं बघितलं असतं तर आजच घरी बसला असतास."

"माहीत आहे. घाईत लिहिलं. सॉरी काका."

काकांनी परत जाऊन तो बदल रद्द केला. अन्वर मान खाली घालून बसला. मला काकांचा राग आला. एवढंसं काम, शिकवून नीट करून दिलं असतं तर?

संध्याकाळी निघताना ते अन्वरला म्हणाले, "रविवारी अम्मीला घेऊन माज्या घरी ये. जिना न्हाय. कम्प्युटर हाय, कॅमेरा हाय."

अन्वरने मलाही ओढून नेलं. पूर्ण्याचं ते घर चांगलं ऐसपैस, पण एकाच खोलीत पंखा फिरत होता. काकी जाऊन बराच काळ झाला होता. मुलगा अमेरिकेत. कम्प्युटरवर स्वच्छ रुमाल घातलेला. काकांनी तो काढला, तर कॅमेऱ्याच्या भिंगावर दुकानातलं पातळ प्लास्टिक तसंच. अन्वरने नखाने ते सोललं.

अन्वरचा भाऊ दिसताच अम्मी नुसता पडद्यावरून हात फिरवत राहिली. मग दोघांचं बोलणं सुरू झालं आणि संपेचना. काका बाहेर ओटीवर जाऊन उभे राहिले होते. अम्मीनेच हाक मारली.

"आप भी तो अपने बेटे को रोज़ देखते होंगे?"

"तो बिझी असतो," काका म्हणाले. मग तिला कळावं म्हणून, "फोन करता है. कभी कभी."

अम्मीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं आणि मुलाला म्हणाली, "ये म्हात्रे साहब हैं. सलाम करो."

"सलाम अंकल," दुबईहून आवाज आला. "खाना खाया आपने?"

जगाला उलटसुलट प्रश्न विचारणारे आमचे काका एवढ्याशा प्रश्नावर पंख्याकडे पाहू लागले. 

"खाया बेटा," ते म्हणाले.

आतल्या स्वयंपाकघरात चूल थंड होती.