ओहोटीच्या कोंबड्या

कोंबडी सूर्यावर चालते, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या शेजारच्या भिवातात्यांच्या कोंबड्या मात्र ओहोटीवर चालत. ओहोटी लागली की खुराड्याचं दार उघडायचं, भरती आली की बंद. ओहोटी रोज थोडी पुढे सरकते, म्हणून कोंबड्याही सरकत. कधी टळटळीत दुपारी बाहेर, कधी काळोख्या पहाटे. पहाटे उचलून अंगणात ठेवलेल्या त्या कोंबड्या एक डोळा मिटून उभ्या असत, बोईसरच्या रात्रपाळीच्या कामगारांसारख्या. मी प्रथम पाहिलं ते दात घासता घासता.

"तात्या, अहो, झोपल्यात त्या."

"ओहोटीला निघायचं, भरतीला परतायचं. दर्या सांगेल तसं," तात्या म्हणाले.

तारापूरच्या बाजूचा आमचा कोळीवाडा. घरोघरी मासळी वाळायची, त्यामुळे कोंबडी हा प्राणी शत्रुपक्षातला. आमच्या आळीत कुणी पाळली नव्हती. तात्या जन्मभर तांडेल, म्हणजे होडीवर ज्याचा शब्द चालतो तो माणूस. मुलगा बोईसरला कारखान्यात लागला, दुसरे खलाशी मिळेनात, तेव्हा मुलाने होडी विकून टाकली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. पालघरची सकाळची गाडी चुकू नये म्हणून कुडापलीकडून मला रोज हाक मारणारे तात्याच. माझ्या बी.ए.त त्यांचाही वाटा आहे, असं मी मानतो.

कोंबड्या आणल्या तात्यांच्या बायकोने, काशीकाकींनी. लेकीचं लग्न नुकतंच झालेलं, जावई आषाढात पहिल्यांदाच राहायला यायचे होते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, ताजी मासळी नसते. "जावयाच्या पानात सुकट वाढू काय?" असं म्हणत काकी वैशाखातच बोईसरच्या बाजारात गेल्या आणि मासवणकडच्या एका बाईकडून चार कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा घेऊन आल्या. कोंबडा जावयाचा, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

तात्यांनी त्याच दिवशी त्याचं नाव तांडेल ठेवलं. कोंबड्या म्हणजे खलाशी. एक कोंबडी आमच्या लाकडांच्या आडोशाला येऊन अंडं घाली, तर तात्या तिला काकुळतीने विचारत, "आपलं बंदर सोडून परक्या बंदरात माल उतरवतेस?" अंड्यांना बोंबलाचा वास येई, कारण खलाशी वाळवणावर ताव मारत. काकी काठी घेऊन धावत.

"म्हाताऱ्या, तुजी बोट आवर."

"खलाशाला जेवू नको घालू?"

कोंबडी उजेडावर चालते, हे मी तात्यांना समजावायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तू शिकलास, चांगलं झालं. पण दर्या काय घड्याळ बघून उतरतो?"

खरा धक्का पुढेच होता. महिन्याभरात ओहोटी लागायच्या सुमाराला तांडेल आपणहून खुराड्याच्या दाराशी येऊन उभा राहू लागला. मी स्वतः पाहिलं. तेव्हाच तात्या मूठभर तांदूळ घेऊन येतात, त्यांची चाहूल लागून तो येत असणार. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

जावई आले. काकींनी मसाला वाटला, कोयती धुऊन ठेवली आणि खुराडं उघडलं. आत चारच कोंबड्या. तात्याही घरात नव्हते. बाहेर पाऊस धरलेला. काकींनी मला हाक मारली. "जा रे, बघ. जावईबापू पाटावर बसायचे हायेत, आन सासरा कोंबडा घेऊन पळालाय."

मी किनाऱ्यावर गेलो. ओढलेल्या होड्या झावळ्यांच्या झापांखाली ओळीने होत्या. त्यांच्यातच तात्यांची होडी होती, आता दुसऱ्याची. आतून बोलण्याचा आवाज आला. मी झाप उचलून पाहिलं.

तात्या सुकाणूपाशी बसले होते. मांडीवर तांडेल. तात्या हलक्या आवाजात त्याला सांगत होते, "महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका आन आपल्या देवळाचा कळस एका रेषेत आले की थांबायचं. खाली खडक हाय. तिथं घोळ मासा भेटतो. कुणाला सांगायचं नाय."

आमच्याकडे अशी जागा बाप फक्त मुलाला सांगतो. सख्ख्या भावालासुद्धा नाही.

तात्यांनी मला पाहिलं. लाजले नाहीत. "माज्या बानं सांगितलं तवा मी बी ह्याच्यासारखाच गप बसलेलो," ते म्हणाले. मग कोंबड्याच्या पाठीवरचं पाणी निपटत म्हणाले, "पोरगा शिफ्टला जातो. त्याला काय करायची जागा?"

मी झाप खाली सोडला आणि परत आलो.

काकी दारातच होत्या. "गावले?"

"होडीत आहेत."

"कुठल्या होडीत?"

"तुमच्याच."

काकींनी आत जाऊन कोयती कुडाला खोचली आणि चुलीवर अंडी उकडायला ठेवली. "जावईबापू, कोंबडा पळाला वो," त्या मोठ्याने म्हणाल्या, "आज अंड्यांचं कालवण गोड मानून घ्या."

कालवण झालं, तसं पहिलं ताट वाढून त्यांनी वर दुसरं ताट पालथं घातलं आणि माझ्या हाती दिलं. मी पायरी उतरलो, तोच त्यांनी मला थांबवलं. डब्यात हात घालून मूठभर तांदूळ काढले, कागदात बांधले.

"हे बी ने," त्या म्हणाल्या. "तांडेल उपाशी असंल."