नऊच फूट जास्त

यंदाच्या उन्हाळ्यात टॅमरॅक क्रीकच्या कॅम्पात पंचवीस फुटांच्या वर एक इंचही लांब गाडी शिरणार नाही, असं आर्विद टोलेफसनने मे महिन्यातच जाहीर करून टाकलं होतं. जाहीर कुणासमोर? तर वनखात्याच्या मॉरीन किप बाईंसमोर आणि कॅम्पातल्या दोन संडासांसमोर. कारण तेव्हा तो तेच धूत होता.

"शिरणार नाही म्हणजे नाही!" ब्रश हवेत नाचवत तो म्हणाला. "गेल्या वर्षी मी नवा होतो. लोक बोलून बोलून मला गुंडाळायचे. यंदा मी बोलणारच नाही. टेप लावणार, आकडा दाखवणार, बाहेर काढणार!"

"बघू," किप बाई म्हणाल्या. जंगलात वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईचं 'बघू' होतं ते!

आर्विदने चौतीस वर्षं मोंटानात टपाल वाटलं होतं. बर्फात वाटलं, चिखलात वाटलं, सात वेगवेगळ्या कुत्र्यांनी पोटऱ्या धरल्या तरी वाटलं. निवृत्तीनंतर त्याला फक्त शांतता हवी होती. कॅम्पाच्या देखरेखीचं हे बिनपगारी काम त्याने त्यासाठीच घेतलं. बदल्यात अठरा फुटी ट्रेलर उभा करायला जागा, पाणी आणि वीज मिळायची. ओढा असेल, पाइनची झाडं असतील, आपण खुर्ची टाकून बसू, असा त्याचा बेत होता. खुर्ची त्याने आणली होती. बसायला मिळालं नव्हतं.

कारण त्या कॅम्पाचं वळण! चौदा जागा, त्यांच्याभोवती कड्यासारखा फिरणारा एकेरी रस्ता, आणि नवव्या जागेपुढे उजवीकडे असं काटकोनी वळण, की नवशिक्याला घामच फुटावा. वळणाच्या आतल्या बाजूला एक पाइन, बाहेरच्या बाजूला गाभण म्हशीएवढा खडक. पंचवीस फुटांची गाडी कशीबशी जायची. सव्वीस फुटांची रंग ठेवून जायची. म्हणून फाटकापाशी पिवळी पाटी होती: पंचवीस फुटांपेक्षा लांब गाड्यांना मनाई.

पण पाटी वाचतंय कोण! आणि वाचली तरी मानतंय कोण! "मागचं चाक धरू नका, ते शोभेचं आहे." "गाडीच्या नावातच चोवीस आहे, बघा की!" "सकाळी थंडीत मोजा, धातू आकसतो." एका गृहस्थाने तर सांगितलं, "माझ्या बायकोने मोजलीय," आणि मागून बायको ओरडली, "खोटं बोलतोय तो!" जून संपेपर्यंत आर्विदने एक्केचाळीस गाड्या परतवल्या. एक्केचाळीस वेळा तोच वाद! तो इतका थकला, की झोपेतसुद्धा टेप गुंडाळल्यासारखा हात फिरवायचा.

जुलैतल्या एका गुरुवारी, भर दुपारी, आर्विद शिडी लावून संडासाच्या छपरावर चढला होता. पाइनच्या सुया काढत होता. त्या दिवशी पाचव्या जागेवर कुणी पाहुणे येणार होते. नोंदणीत नाव नव्हतं, गाडीची लांबी मात्र बरोब्बर पंचवीस लिहिलेली. आर्विदला बरं वाटलं होतं. जगात अजून सरळ माणसं आहेत!

इतक्यात घरघर ऐकू आली. आर्विदने मान वर केली आणि त्याच्या हातातला झाडूच गळला. झाडांमधून एक मोटारहोम येत होतं. येत होतं, येत होतं, आणि येतच होतं! लग्नाच्या हॉलला चाकं लावली असावीत तसं ते धूड. ते संपलं असं वाटेपर्यंत मागून दांड्याला जोडलेली एक लाल मोटार निघाली. पाचवी जागा मागे टाकून ती वरात थेट वळणाकडे निघाली.

"थांबा!" आर्विद छपरावरून ओरडला. इंजिनाच्या आवाजात ते विरून गेलं. मग त्याने एक हात उंच करून हलवला. गाडी जरा थबकली. मग पुढे सरकली.

"अरे थांबा!" आता त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले. छपरावर उड्याही मारल्या.

गाडीने हॉर्न दिला. आनंदाने द्यावा तसा. पीं पीं! आणि वेग वाढवून वळणात घुसली.

कर्रर्रर्र!

सगळ्या कॅम्पातल्या कॉफीच्या कपांत तरंग उठले.

आर्विद शिडी खांद्यावर घेऊन धावला. सदुसष्टाव्या वर्षी शिडी घेऊन धावणं म्हणजे काय, हे त्याच्या गुडघ्यांनाच विचारा. जाऊन बघतो तर काय! गाडीची उजवी कूस पाइनला चिकटलेली, डावा मागचा कोपरा खडकावर चढलेला. पुढे जाता येईना, आणि मागच्या मोटारीचा दांडा वाकून अडकलेला, म्हणून मागेही येता येईना. गाडीला दार एकच, आणि त्याच दाराला झाड टेकलेलं!

त्याने चालकाच्या खिडकीला शिडी लावली, चढला, तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. खिडकीत टोलेफसन घराण्याचं नाक होतं. नाकामागे त्याची धाकटी बहीण सिग्ने होती. डोळ्यांत पाणी, चेहरा हसरा.

"आर्विद! दोन्ही हात रे! मी क्लेटनला म्हटलं, बघ, हात करतोय! अबोला संपला!"

"मी... थांबा म्हणत होतो," आर्विद म्हणाला.

सिग्नेचा चेहरा उतरला. तिच्या मागून गोल टोपीतलं एक गोल तोंड डोकावलं. तिचा नवरा, क्लेटन मेबरी. मुक्काम ॲरिझोना.

"काय मेव्हणे! जागा झकास आहे, पण वळण जरा बारीक आहे हं तुमचं!"

चार वर्षांनी भावाबहिणीची भेट झाली ती अशी, शिडीवर. चार वर्षांपूर्वी सिग्नेने दुसरं लग्न केलं, तेव्हा भरल्या मांडवात आर्विदने ग्लास उंचावला होता आणि म्हणाला होता, "सिग्ने, या वेळी तरी टिकू दे!" त्याला तो विनोद वाटला होता. हसला फक्त नवरदेव. तेव्हापासून नाताळचं कार्ड सोडलं तर बोलणं बंद. आता बहीण स्वतः होऊन, न सांगता, समेट करायला आली होती, आणि आल्या आल्या तिला उतरवून घ्यायचं होतं ते खिडकीतून!

"तुम्ही पंचवीस लिहिलंत," दोघं खाली उतरल्यावर आर्विद म्हणाला. त्याने टेप लावली होती. हात थांबेचनात त्याचे. "ही चौतीस आहे!"

"त्या नोंदणीच्या यादीत पंचविसाच्या पुढे आकडाच नव्हता, मेव्हणे! मग शेवटचा दाबला. नऊच फूट जास्त आहे!"

"आणि पाटी?"

"पाटी दिसली की! पण आत वळल्यावर दिसली. मागे मोटार जोडलेली, उलटं येतंय कुठं? मग म्हटलं, पुढे बघू."

आता आख्खा कॅम्प गोळा झाला. प्रत्येकाकडे उपाय! एक म्हणे चाकांतली हवा काढा, दुसरा म्हणे हवा भरा. तिसऱ्याने खडकाला साबण लावायला सुचवलं, आणि क्लेटनने तो खरंच लावला! गाडी जागची हलली नाही. खडक मात्र स्वच्छ झाला.

गावातून गाडी ओढणारा आला. त्याने दोन फेऱ्या मारल्या, थुंकला आणि म्हणाला, "झाड कापा नाही तर गाडी कापा." आणि निघून गेला.

झाड कापायचा अधिकार किप बाईंचा. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी करवतवाल्याला घेऊन आल्या. त्यांनी गाडी बघितली, मग आर्विदकडे बघितलं. तेच जास्त लागलं त्याला. करवत सुरू होणार, तोच बाईंनी हात वर केला.

"थांब. वर बघ."

फांदीच्या बेचक्यात घरटं होतं. घरट्यात रॉबिन पक्षीण बसली होती. एवढी गाडी आदळली तरी बया हललीही नव्हती!

"अंडी आहेत," दुर्बीण लावून बाई म्हणाल्या. "पिल्लं उडून जाईपर्यंत या झाडाला हात लावता येणार नाही."

"म्हणजे किती दिवस?" आर्विदने विचारलं.

"साडेतीन आठवडे. चारही लागतील."

"आम्ही तर एकाच रात्रीसाठी आलो होतो," सिग्ने पुटपुटली.

कॅम्पातल्या बाकीच्या गाड्या आल्या वाटेनेच परत पाठवायचं ठरलं. पण या दोघांनी राहायचं कुठं? चौतीस फुटी महालात तीन पलंग, न्हाणीघर आणि भिंतीवर टीव्ही होता, पण महाल तिरका झाला होता. पलंगावर झोपलं की माणूस घरंगळत भिंतीला जायचा. गावातली सगळी मोटेलं उन्हाळ्यात भरलेली. उरला आर्विदचा अठरा फुटी ट्रेलर! त्यात आधी आर्विदच दोन ठिकाणी दुमडून राहायचा.

मग सुरू झाले ते दिवस. क्लेटनच्या घोरण्याने चमचे वाजायचे. तो सकाळी उठून नाश्त्याला मिरच्या घालून राजमा शिजवायचा आणि म्हणायचा, "खा मेव्हणे, घाम आला पाहिजे!" सिग्नेने पहिल्याच आठवड्यात सगळे खण लावले. त्यानंतर आर्विदला स्वतःचे मोजे सापडले नाहीत. एकाला आत वळायचं असलं की दोघांनी बाहेर पडायचं, असा नियम झाला. बाहेर अडकलेल्या गाडीबरोबर फोटो काढायला लोक यायचे. "देखरेख करणारे तुम्हीच का हो?" असंही विचारायचे. आर्विद मान डोलवायचा. नाही म्हणायचीही ताकद उरली नव्हती त्याच्यात.

रोज सकाळी तिघंही झाडाखाली माना वर करून उभे राहायचे. "फुटलं का अंडं?" "नाही." "आज?" "एक चोच दिसतेय!" स्वतःच्या पुतण्याच्या जन्माच्या वेळीसुद्धा आर्विदने इतकी चौकशी केली नव्हती.

एक मात्र झालं. फाटकावर टेप घेऊन आता सिग्ने उभी राहायला लागली. आर्विद वाद घालायचा, ती घालत नसे. लांब गाडी आली की ती नुसतं वळणाकडे बोट दाखवायची. "ती दिसतेय? ती आमची." गाडीवाला गपचूप परत फिरायचा.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी दोघं मिळून संडास धूत होती. क्लेटन ओढ्यावर मासे पकडायला गेला होता, म्हणजे मासे सुरक्षित होते. आर्विद बराच वेळ एकच फरशी घासत राहिला.

"सिग्ने, त्या दिवशी मी जे बोललो ना..."

"कुठल्या दिवशी?"

"लग्नाच्या. ग्लास घेऊन."

सिग्नेने ब्रश खाली ठेवला. "चार वर्षं, आर्विद! तू माफी मागितलीस की तुला काय काय सुनवायचं, ते मी भांडी घासताना पाठ करत होते. चांगलं दोन पानी होतं."

"मग सुनव."

ती आठवत राहिली. मग हसायलाच लागली. "गेलं बघ. एकही ओळ आठवेना. बादली दे इकडे. मघापासून तीच फरशी घासतोयस!"

आर्विदने बादली दिली. नाक पुसायला त्याला जरा बाहेर जावं लागलं. औषधाचा वास फार उग्र होता, असं त्याने नंतर सांगितलं.

पिल्लं सव्विसाव्या दिवशी उडाली. करवतवाला आला, पाइन आडवा झाला, गाडी खडकावरून खरवडत उतरली. क्लेटनने आर्विदला मिठी मारली, "मेव्हणे, असा पाहुणचार आयुष्यात झाला नाही!" म्हणाला, आणि ते धूड हलत डुलत निघून गेलं.

आर्विदने खुर्ची काढली. ओढ्याकाठी टाकली. बसला. ओढा वाहत होता, पाखरं गात होती, कुणी घोरत नव्हतं. तासाभराने तो उठला. हवी तशी शांतता होती, पण तिचं करायचं काय, ते सुचेना.

पुढच्या आठवड्यात किप बाई एक नवी कोरी पाटी घेऊन आल्या. "झाड गेलं, वळण रुंद झालं. वरच्यांनी नव्याने मोजलं. आता मर्यादा पस्तीस फूट."

आर्विदने पाटी हातात घेतली. पस्तीस! म्हणजे त्या एक्केचाळीस गाड्या, ते एक्केचाळीस वाद... पण त्याला दुसराच आकडा आठवला. त्याने स्वतःच्या हाताने पाटी ठोकली आणि टेकडीवर चढला, कारण फोन तिथेच लागायचा. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने आपण होऊन बहिणीचा नंबर फिरवला.

"सिग्ने! मर्यादा पस्तीस झाली! तुमची गाडी आता कायद्याने बसते! पुढच्या उन्हाळ्यात या, चांगले दोन आठवडे राहा!"

पलीकडे क्लेटनशी काहीतरी कुजबुज झाली.

"अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं रे. पण रागावू नकोस. क्लेटनने काल गाडी बदलली. त्या चरे पडलेल्या गाडीत त्याचं मन लागेना."

"किती फुटांची?"

मागून दणदणीत आवाज आला, "अडतीसच, मेव्हणे!"

आर्विद तिथेच दगडावर बसला. खाली कॅम्प दिसत होता, नवी पाटी उन्हात चमकत होती. त्याने डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला.

"गाडी घरी ठेवा," तो म्हणाला. "तुम्ही दोघं मोटारीने या. ट्रेलर आहे माझा."

"दोघं कुठले!" क्लेटनने फोनच हिसकावून घेतला असावा. "आम्ही कुत्रा आणलाय, मेव्हणे! जातिवंत ग्रेट डेन. अजून वाढतोय! उंची आत्ताच माझ्या कमरेला आलीय!"

आर्विदने खाली दिसणाऱ्या आपल्या इवल्याशा ट्रेलरकडे बघितलं. मग, नुसत्या सवयीने, त्याच्या तोंडून गेलं,

"आणि लांबीला किती?"